दार उघडले, शिदोरीचे काय?

जून उजाडला की आमच्या चंदगड तालुक्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक पाऊस आणि दुसरी ॲडमिशनची धावपळ. पावसाची आम्हांला सवय आहे. ॲडमिशनची धावपळ मात्र दरवर्षी नव्या घरात येते आणि प्रत्येक घराला वाटते की, हे संकट फक्त आपल्यावरच आले आहे.

आम्ही एका पतसंस्थेत कारकून आहोत. शिक्षण बी.कॉम. रविवारी वस्तीतल्या विहारात बसून मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणे, दाखल्यांसाठी तहसील कचेरीत सोबत जाणे, हे काम बरीच वर्षे करीत आहोत. या कामात एक वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की ते पाठ झाले आहे. आई किंवा बाप मुलीचे प्रवेशपत्र पुढे करतात आणि म्हणतात, "भाऊ, पोरीचा नंबर लागला. आता सगळं सरकारच करतंय न्हवं?"

या प्रश्नाला 'होय' म्हणता येत नाही आणि 'नाही'ही म्हणता येत नाही. म्हणून हा लेख. नंबर लागणे ही एक गोष्ट आहे आणि शिकायला पैसा मिळणे ही दुसरी. या दोन गोष्टी एकच आहेत असे आपण समजतो आणि तिथेच घर फसते.

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न फक्त आपल्या वस्तीचा किंवा आपल्या देशाचा नाही. अमेरिकेतसुद्धा तो आहे. तिथल्या काही कॉलेजांत 'गरज न पाहता प्रवेश' अशी पद्धत आहे. म्हणजे विद्यार्थ्याला घ्यायचे की नाही हे ठरवताना त्याच्या बापाची कमाई बघायची नाही. गुण बघायचे, काम बघायचे आणि निर्णय द्यायचा. ऐकायला हे फार चांगले वाटते आणि ते चांगले आहेही. पण त्यात एक मेख आहे. गरज न पाहता प्रवेश देणाऱ्या कॉलेजाने गरज भागवण्याचेही वचन दिलेले असतेच असे नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी. अशा मोजक्या श्रीमंत संस्था दोन्ही गोष्टी करतात. प्रवेश देताना गरिबी बघत नाहीत आणि प्रवेश दिल्यावर जेवढे कमी पडते तेवढे भरून देतात. परदेशी विद्यार्थ्यालाही त्या हाच नियम लावतात. इतर कित्येक कॉलेजे पहिली गोष्ट करतात, दुसरी अर्धीच करतात. विद्यार्थ्याला पत्र येते, 'अभिनंदन, तुमची निवड झाली.' सोबत दुसरा कागद असतो. त्यात मदतीचा आकडा इतका कमी असतो की घरच्यांनी तो वाचून पत्र कपाटात ठेवून द्यावे. तोंडाने 'ये' म्हणायचे आणि खर्चाने 'जा' म्हणायचे, असा हा प्रकार.

काही ठिकाणी याच्या उलट असते. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले, तिथे अमेरिकेच्या नागरिकाला प्रवेश देताना पदवीच्या वर्गासाठी गरज पाहत नाहीत. पण परदेशातल्या विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली असेल, तर ती बाब प्रवेशाच्या वेळी विचारात घेतली जाते. म्हणजे दार थोडे अरुंद, पण जो आत गेला त्याची गरज भागवायची. दार रुंद आणि ताट रिकामे, की दार अरुंद आणि ताट भरलेले, असा हा हिशोब आहे. जानेवारी २०२२ मध्ये तर शिकागोच्या न्यायालयात तिथल्या सोळा नामांकित विद्यापीठांवर दावा दाखल झाला, पुढे ती संख्या सतरा झाली. 'गरज पाहत नाही असे तुम्ही सांगता, पण श्रीमंतांच्या मुलांना झुकते माप देता आणि आपसांत ठरवून मदतीचा आकडा खाली ठेवता,' असा त्यात आरोप होता. बऱ्याच विद्यापीठांनी आरोप मान्य न करता मोठमोठ्या रकमा देऊन तडजोड केली. सांगायचे एवढेच की, 'आम्ही गरिबी बघत नाही' हे वाक्य ऐकून खूश होण्याआधी पुढचा प्रश्न विचारायला हवा. 'मग पैशाचे काय?'

आता आपल्याकडे या. आपल्याकडे सरकारमार्फत होणारे केंद्रीय प्रवेश एका अर्थाने तसेच आहेत. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, कोणताही अभ्यासक्रम घ्या. यादी लागते ती गुणांवर आणि प्रवर्गावर. बापाचा खिसा यादीत कुठे येत नाही. हे आपोआप झालेले नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, त्याबरोबर फी आणि देणग्याही वाढल्या. १९८७ मध्ये देणगी घेऊन प्रवेश देण्याविरुद्ध राज्याला कायदा करावा लागला. २०१५ मध्ये खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांचे प्रवेश आणि फी यांच्यावर नियंत्रण ठेवणारा दुसरा कायदा झाला. आरक्षण तर घटनेनेच दिले. तेव्हा दाराचा प्रश्न कायद्याने बराचसा सुटला आहे. शिदोरीचा सुटलेला नाही.

दार आणि शिदोरी यांच्यामधले अंतर आपल्या समाजाने पहिल्यांदा कुठे पाहिले? ते बाबासाहेबांच्याच चरित्रात पाहिले. १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मुदत तीन वर्षे. बदल्यात शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. कोलंबियाचे शिक्षण करून १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश मिळाला, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव दाखल झाले. दोन्ही दारे उघडी होती. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. विद्यापीठाने त्यांना काढले नव्हते, उलट चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची सवलत दिली होती. जागा शिल्लक होती, पैसा संपला होता.

पुढची तीन वर्षे कशी गेली, ते आपण सर्व जाणतो. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात त्यांनी १९१८ ते १९२० प्राध्यापकी केली. घरी रमाईने पैसा पैसा जपला. पगारातून शिल्लक टाकली, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत डी.एस्सी. झाले. एवढ्या विद्वान माणसालाही पैशाअभावी तीन वर्षे थांबावे लागले. मग वस्तीतली अठरा वर्षांची पोर थांबली तर तिच्या हुशारीत कमी काढण्याचा आपल्याला काय अधिकार?

आमच्या जिल्ह्याच्या राजाने ही गोष्ट त्याच्याही आधी ओळखली होती. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम काढला, हे सर्वांना माहीत असते. पण १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, याची आठवण आपण कमी काढतो. खेड्यातल्या मुलाला शाळेने दार उघडले तरी तो रात्री झोपणार कुठे, खाणार काय, हे महाराजांनी विचारले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढले, 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखवला. या थोर माणसांना इंग्रजी शब्द ठाऊक असोत नसोत, मर्म ठाऊक होते. दारावर गरिबी पाहायची नाही, पण आत घेतल्यावर मात्र ती नीट डोळे उघडून पाहायची.

हे मर्म आम्हांला पुस्तकातून कळले नाही. आम्ही बारावी झालो तेव्हा वडील गोव्यात सेंटरिंगच्या कामाला जात, आई काजूच्या कारखान्यात बी सोलायला जाई. कोल्हापूर चंदगडहून शे-सव्वाशे किलोमीटर. आमच्याबरोबर शेजारच्या गावचा एक मित्र होता. दोघांचे गुण जवळजवळ सारखे, दोघांचा प्रवेश एकाच कॉलेजात, एकाच वर्गात. आम्हांला शासकीय मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहात जागा मिळाली, त्याला मिळाली नाही. यादी संपली होती. आम्हांला दोन वेळचे जेवण आणि झोपायला कॉट होती. त्याने चौघांत खोली घेतली. शिष्यवृत्ती दोघांनाही मंजूर झाली, पण त्या वर्षी तिची रक्कम हातात पडली ती मार्चमध्ये, परीक्षेच्या तोंडावर. आम्हांला ते चालले. त्याला चालणार कसे? खोलीचे भाडे जुलैपासून होते, खानावळ दर महिन्याला होती. दिवाळीला तो गावी गेला आणि डिसेंबरात आला तो सामान न्यायलाच.

आम्ही दोघे हुशारीत उन्नीस-बीस होतो. फरक होता तो एका कॉटचा. आज तो शिनोळीला एका कारखान्यात कामाला आहे. बाजारात भेटला की आम्हांला 'साहेब' म्हणतो. ते आम्हांला आवडत नाही. त्याने कुणाला दोष दिला नाही. पण सरकारी दप्तरात त्याची नोंद 'प्रवेश दिला' अशीच असणार, 'शिष्यवृत्ती मंजूर' अशीच असणार. कागदावर सगळे बरोबर होते.

हे वाणिज्य शाखेच्या माणसाला लगेच कळते. वहीत 'येणे' लिहिलेली रक्कम आणि गल्ल्यातली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिष्यवृत्ती हे आपले 'येणे' आहे. फी, खोलीभाडे आणि खानावळ हे 'देणे' आहे आणि देण्याला तारीख असते. वर्षाच्या शेवटी ताळेबंद जुळतो, पण घर वर्षभर चालवावे लागते. ज्याच्या घरी शिल्लक आहे तो मधले आठ-दहा महिने काढतो. ज्याच्या घरी नाही तो सावकाराकडे जातो. समजा, वीस हजार रुपये शेकडा तीन रुपये दराने घेतले. महिन्याला सहाशे रुपये व्याज. दहा महिन्यांत सहा हजार. शिष्यवृत्ती पूर्ण आली तरी ते सहा हजार कुणी परत देत नाही. गरिबाला फुकट शिक्षणाचीही किंमत मोजावी लागते ती अशी.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका मुलीला फार्मसीला सरकारी यादीतून प्रवेश मिळाला. वडील नाहीत. आई काजूच्या कारखान्यात. कॉलेजने सांगितले, "शिष्यवृत्ती आली की परत देऊ, आता रक्कम भरा, नाहीतर जागा जाईल." असे मागता येत नाही, हे त्या माउलीला कुठून ठाऊक असणार? तिने दुभती म्हैस विकली, थोडे बचत गटातून उचलले, उरलेले व्याजाने घेतले. आमच्याकडे आली ती सगळे झाल्यावर. मग आम्ही अर्ज केले, हेलपाटे घातले. पैसे पुढच्या वर्षी परत मिळाले. शिष्यवृत्ती आली, पण म्हैस काही परत आली नाही. दुधाचे पैसे बंद झाले ते बंदच. मुलगी शिकते आहे, चांगली शिकते आहे, याचा आनंद आहे. पण तिच्या धाकट्या भावाने बारावीनंतर काम धरले. एकाच्या प्रवेशाची फी घरातल्या दुसऱ्याने भरली.

कुणाला वाटेल, हे कोपऱ्यातल्या तालुक्याचे दुखणे आहे. तसे नाही. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातील टिटोरा गावच्या, मजुरी करणाऱ्या बापाच्या एका दलित मुलाला धनबादच्या आय.आय.टी.त इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची जागा मिळाली. त्या संस्थांत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ आहे. परंतु जागा पक्की करण्यासाठी १७,५०० रुपये २४ जूनच्या सायंकाळी पाच वाजेपर्यंत भरायचे होते. पैसे गोळा करेपर्यंत वेळ संपली आणि जागा गेली. मुलगा दारोदार फिरून शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने घटनेच्या कलम १४२ खाली आपला खास अधिकार वापरून त्याला त्याच संस्थेत प्रवेश देण्याचा आदेश दिला. देशातली सर्वांत कठीण परीक्षा तो पास झाला होता. त्याला अडवले ते साडेसतरा हजारांनी आणि एका तारखेने. प्रत्येक पोराला दिल्लीची पायरी चढणे शक्य आहे का?

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही फेब्रुवारी २०१८ मध्ये विद्यार्थ्यांनी संप केला होता. तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटीच्या आवारांतही तो पसरला. केंद्राच्या शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि भोजनाच्या खर्चात पूर्वी जी सवलत होती ती काढून घेतली, हा मुख्य मुद्दा होता. प्रवेश बंद केले नव्हते, राखीव जागा काढल्या नव्हत्या. फक्त राहण्या-जेवण्याचे पैसे आधी भरा, शिष्यवृत्ती नंतर येईल, असे झाले. आमच्या मित्राचे जे झाले तेच, फक्त मोठ्या शहरात आणि मोठ्या संस्थेत.

तेव्हा सरकार काहीच करीत नाही, असे म्हणायचे का? नाही. खोटे बोलून चळवळ चालत नाही. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही केंद्राच्या सवलती मिळाल्या. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने या शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. त्यात केंद्राचा वाटा साठ टक्के, राज्याचा चाळीस टक्के. २०२१ च्या नियमांप्रमाणे घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. फी आणि निर्वाह भत्ता या दोन्ही गोष्टी त्यात येतात. शिवाय ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सुरुवातीला मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० आणि इतर ठिकाणांसाठी ५१,००० व ४३,००० रुपये असे तिचे स्वरूप होते. आमच्या मित्राच्या वेळी अशी योजना असती तर तो डिसेंबरात सामान न्यायला आला नसता. ही योजना मिळाली म्हणून शिकून नोकरीला लागलेली मुले आमच्या माहितीत आहेत.

पण आकडे नीट वाचा. २०२१ च्या नियमांत पदवीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याचा भत्ता वर्षाला १३,५०० रुपये ठरला. महिन्याचे ११२५ झाले. घरून जाऊन-येऊन शिकणाऱ्याला वर्षाला ७,००० रुपये. एवढ्यात शहरात एक माणूस महिनाभर दोन वेळ जेवतो का, हे ज्याचे त्याने ठरवावे. दुसरी गोष्ट उत्पन्नाच्या मर्यादेची. बाप कुठे शिपाई असेल आणि दाखल्यावर दोन लाख साठ हजार आले, तर राज्याच्या फ्रीशिपमधून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळते, पण भत्ता मिळत नाही. दहा हजारांनी उत्पन्न वाढले आणि खाण्या-राहण्याचा आधार पूर्ण गेला. अशी घरे आमच्या वस्तीत आहेत.

काही शिकलेले लोक आम्हांला म्हणतात, "मग प्रवेशाच्या वेळीच उत्पन्न विचारावे, म्हणजे कॉलेजला कळेल कुणाला मदत लागणार ते." आमचा याला विरोध आहे. ज्या संस्थेजवळ मदतीचा पैसा मोजका आहे ती दारातच गरिबी मोजू लागली, तर पैसे भरणारा पुढे आणि न भरणारा मागे जाणार. म्हणून दारावर आंधळे राहा, हे आमचे मागणे कायम आहे. पण दारावरचा तो आंधळेपणा कॉलेजच्या खिडकीपर्यंत चालू ठेवू नका. फी भरण्याची खिडकी, खानावळ, वसतिगृह, या ठिकाणी गरिबी दिसलीच पाहिजे. प्रवेशाची तारीख आणि मदतीची तारीख एक झाली पाहिजे. फी थेट कॉलेजला किंवा वेळेवर विद्यार्थ्याच्या खात्यात आली तर म्हैस विकावी लागणार नाही. मागणी एवढी साधी आहे.

ती मागणी पूर्ण होईपर्यंत काय करायचे? त्या म्हशीच्या प्रकरणानंतर आमच्या वस्तीत आम्ही एक शिक्षण निधी सुरू केला. प्रत्येक घराने महिन्याला पन्नास रुपये द्यायचे. चाळीस घरांचे दोन हजार, वर्षाचे चोवीस हजार. रक्कम लहान आहे. पण नियम पक्का आहे. दान नाही, व्याज नाही. ज्याच्या फीची तारीख आली त्याला उसने द्यायचे, शिष्यवृत्ती आली की परत घ्यायचे. हिशोबाची वही दोन भगिनींच्या ताब्यात आणि दर पौर्णिमेला विहारात सर्वांसमोर वाचन. एक रक्कम थोडी उशिरा आली, बुडाले काही नाही. एका वयस्कर मावशींनी सुरुवातीला विचारले होते, "आमच्या घरात कुणी शिकायचं ऱ्हायलं न्हाई, आम्ही कशाला द्यायचं?" आता त्याच पहिल्या पन्नास रुपये आणून देतात. त्यांनी कारण सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

हा निधी सरकारची जबाबदारी उचलण्यासाठी नाही. तो फक्त मधल्या महिन्यांसाठी आहे. सरकारकडून आणि कॉलेजकडून जे येणे आहे ते मागायचेच आहे. त्यासाठी काही गोष्टी प्रत्येक घराने आधीपासून कराव्यात, असे आम्हांला सुचवावेसे वाटते.

मूल अकरावीत असतानाच जातीचा दाखला काढून जात पडताळणीचा अर्ज करावा, प्रवेशाच्या वेळी त्यासाठी धावू नये. उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मे महिन्यात काढून ठेवावा. मुलाच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडले आहे का हे बँकेत जाऊन विचारावे, कारण २०१८ पासून अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात आणि खाते जोडलेले नसेल तर मंजूर रक्कमही अडकते. शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्या वर्षी भरला म्हणजे संपले असे नाही, तो दरवर्षी पुन्हा भरावा लागतो. शासकीय वसतिगृहाचा अर्ज करावा आणि तिथे जागा न मिळाल्यास स्वाधारचा करावा. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला चार प्रश्न विचारावेत. आज किती भरायचे? ते कशाचे? परत मिळणार का? आणि केव्हा? उत्तर लेखी मागावे. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत पात्र विद्यार्थ्याला आधी फी न भरता प्रवेश मिळावा म्हणून फ्रीशिप कार्डाची तरतूद केलेली आहे, हे सांगायला घाबरू नये. कॉलेजने तरीही अडवले तर कोल्हापूरला समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला सरकारात जन्मही नसतो आणि मरणही नसते.

आणि एक विनंती, जी नोकरीला लागली आहेत त्यांना. तुम्ही शिकलात तेव्हा तुमच्या फीची तारीख कुणीतरी सांभाळली होती. आईने, मोठ्या बहिणीने, वसतिगृहातल्या एखाद्या कॉटने. आता तुमच्या गावात तारखेला अडलेले एक मूल शोधा. त्याला पेढ्याचा पुडा नको, सत्कारही नको. ऑगस्टमध्ये पैसे द्या, मार्चमध्ये परत घ्या.

यंदाही यादी लागेल, पेढे वाटले जातील, ते आम्हीही आनंदाने खाऊ. पण पेढा देणाऱ्या मायबापाला आम्ही एकच प्रश्न विचारणार आहोत, तुम्हीही विचारा. "नंबर लागला, फार छान झालं. फीची तारीख कोणती?"

जयभीम.